उत्तरेश्वर सरांचे तीन रकाने

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी उत्तरेश्वर सरांचं नाव घेतो. आईवडिलांच्या आधी घेतो. आबा, म्हणजे माझे वडील, शेजारी बसलेले असले तरी घेतो, आणि आबा मान हलवून म्हणतात, "बराबर हाय."

आमचं गाव दिंद्रुडच्या जवळ. घरात मेंढरं होती, पुस्तक नव्हतं. त्या घरातून मी एम. ए.पर्यंत गेलो आणि आज गोंदियाकडच्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवतो. सर गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तोच विषय शिकवत. उंच, किडकिडीत माणूस. चालताना थोडे पुढं झुकलेले, जणू सतत वाऱ्याच्या विरुद्ध चाललेत. खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत पाण्याची बाटली.

वर्गात आले की ते आधी फळ्यावर दोन उभ्या रेघा ओढत. तीन रकाने होत. पाहिलेलं, ऐकलेलं, वाचलेलं. मग धडा सुरू. धड्यात जे जे येईल ते सर स्वतःला विचारून एकेका रकान्यात टाकत. पैठणची गोदावरी पाहिलेल्यात. कोकणातला समुद्र ऐकलेल्यात, आणि त्याच्यापुढं तो कोणाकडून ऐकला त्याचं नाव. ऐकलेल्याला नाव पाहिजेच, असा त्यांचा नियम होता. "नाव न्हाई तर ती अफवा," म्हणायचे. वाळवंट, ज्वालामुखी आणि हिमालय वाचलेल्यात. हिमालयाचे पाचही धडे त्यांनी आम्हाला असे शिकवले की पोरं घरी जाऊन चिखलाचे डोंगर करत, पण रकाना मात्र बदलला नाही.

एकदा तपासणीला आलेले साहेब तो फळा बघून म्हणाले, "गुरुजी, अमुक मी पाहिलेलं नाही, असं रोज मुलांना सांगितलं तर मुलांचा तुमच्यावरचा विश्वास उडेल."

सर म्हणाले, "उडू द्या की साहेब. उरंल तेवढा पक्का ऱ्हाईल."

साहेबांनी शेऱ्याच्या वहीत काय लिहिलं माहीत नाही. गावात सरांचं नाव मात्र 'रकाने मास्तर' पडलं.

आमच्या वर्गाच्या दाराला रंग सरांनी स्वतः दिला होता. तेलगावच्या दुकानातून त्यांनी उरल्यासुरल्या रंगाचे दोन डबे आणले, एक निळा आणि एक हिरवा. दोन्हींतला एकही पुरणार नव्हता, म्हणून दोन्ही एकत्र ढवळले. दार रंगवून झालं आणि वर्गात भांडण लागलं. अर्धी पोरं म्हणाली निळं, अर्धी म्हणाली हिरवं. शेवटी सगळे सरांकडं वळले, "सर, तुमीच सांगा."

सर चिंधीनं हात पुसत म्हणाले, "डोळे तुमाला हायत ना? दिसतंय ते दिसतंय. नावाची एवढी घाई कावून?"

पुढं उन्हानं ते दार फिकट झालं आणि भांडण आणखीच वाढलं. मी शाळा सोडली तोवर त्या रंगाला नाव मिळालेलं नव्हतं.

पाण्याचंही सांगितलं पाहिजे. आमच्या भागात पाणी जपून वापरणं कोणाला शिकवावं लागत नाही. टँकरचा आवाज आला की जेवणाऱ्यानं ताटावरून उठायचं, हे आम्हाला चालायच्या आधीपासून ठाऊक. पण सरांचं जपणं त्याच्याही पलीकडचं होतं. बाटली घरून भरून निघायची. घोट घ्यायचा तो ओठ ओले होण्यापुरता. पुढचं पाणी डोळ्यांना दिसत नाही तोवर हातातलं संपवायचं नाही. "घ्या की सर, बाटली भरलेली आहे," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "असू दे. पुढं लागंल." संध्याकाळी घरी आले की उरलेलं पाणी अंगणातल्या लिंबाच्या बुडाशी ओतायचे.

त्यांच्या पत्नी, कौसल्याकाकू, आम्हा पोरांना म्हणायच्या, "आमच्या मास्तरची बाटली रोज शाळंत जाती अन् न शिकता घरी येती."

मी आठवीत असताना कौसल्याकाकू गेल्या. एकुलती एक लेक परळीला दिलेली. त्यानंतर त्या घरात सर एकटे. ते स्वतः भाकरी थापत, आणि थापण्याचा आवाज गल्लीत ऐकू जायचा. एकाच माणसाच्या भाकरीचा आवाज लवकर थांबतो. लिंब मात्र चांगला वाढला.

मी दहावी झालो तेव्हा आबा मला मेंढरांमागं नेणार होते. त्यांच्या लेखी ते ठरलेलंच होतं. एका संध्याकाळी, आम्ही ज्या रानात मेंढरं बसवली होती तिथं सर चालत आले. आबांनी घोंगडं अंथरलं. सर बसले आणि सरळ विषयाला हात घातला.

"लिंबाजी, पोराला पुढं शिकू द्या."

"शिकून काय व्हतंय सर?"

"नोकरी लागती. चार गावं बघतो माणूस."

"चार गावं तर मेंढरामागंबी दिसत्यात," आबा म्हणाले. मग त्यांनी सरांकडं रोखून पाहिलं. "मला एक सांगा. मेंढक्याचं पोर शिकून साहेब झाल्यालं तुमी पाह्यलंय का?"

दुसरा कोणीही 'हो' म्हणाला असता. सरांनी बराच वेळ विचार केला. एक मेंढी खोकली. मग सर म्हणाले, "न्हाई. पाहिलं न्हाई. वाचलंय."

आबा मोठ्यानं हसले. हसताना त्यांनी मांडीवर थाप मारली. "आजपतोर जेवढे शिकवा म्हनून सांगाया आले ते समदे म्हनले, आमी पाह्यलंय. ह्यो एकच मानूस खरं बोलला. न्या बाबा पोराला."

परत निघताना सर बांधापर्यंत आले तेव्हा मी सोबत होतो. ते म्हणाले, "तुझ्या आबाला मी वाचलेलं सांगितलंय. त्याला पाहिलेलं करायचं काम आता तुझं." कॉलेजची सगळी वर्षं हे वाक्य माझ्या पाठीशी राहिलं, आणि परीक्षेच्या दिवसांत मानगुटीवर.

पण ज्या खरेपणानं मला शिक्षण मिळालं, त्याच खरेपणानं सरांची माणसं तुटली. एका वर्षी गारपीट झाली. नुकसानीचे पंचनामे करायला तलाठी आला. आमच्याकडं पंचनाम्याची पद्धत अशी, की पारावर बसायचं, चहा घ्यायचा आणि यादी पुढं आली की पंचांनी सह्या करायच्या. पंचांमध्ये शाळेचा एक मास्तर असला की कागदाला वजन येतं, म्हणून सरांना बोलावलं. सर म्हणाले, "सही करतो. आधी शेतं दाखवा."

सगळ्यांना वाटलं, एखाद-दुसरं शेत बघून दमतील. सर दिवसभर चालले. तलाठी मागं मागं, घामाघूम. शेवटी गावच्या पुढाऱ्यांची मोसंबीची बाग आली. गारांचा पट्टा तिच्या अलीकडंच थांबला होता. यादीत मात्र बाग होती.

पुढारी सभ्य होते. आवाज न चढवता म्हणाले, "सर, गाव म्हनलं की समदं वर-खाली चालतंच. की तुमाला गावात एकट्यानंच ऱ्हायचंय?"

सर बागेकडं बघत म्हणाले, "बाग पाहिली मी. एक पान पडलेलं न्हाई. लई गोड मोसंबी लागंल यंदा." आणि सही न करता घरी गेले.

सगळ्या गावाची यादी अडकली. ज्यांचं खरंच नुकसान झालं होतं, तेही पुढाऱ्यांवर नाही, सरांवर चिडले. पुढं यादी सुटली, मदतही आली, पण राग सुटला नाही. लग्नाच्या पत्रिका येईनाशा झाल्या. पंगतीत सर बसले की शेजारचं पान बराच वेळ मोकळं राही. हॉटेलात ते शिरले की चाललेलं बोलणं थांबे. मी सुट्टीत भेटायला गेलो की ते हे सगळं गमतीनं सांगत. म्हणाले, "मला बघितलं की लोक गप्प होतात रे. त्यामुळं ऐकलेल्याचा रकाना आजकाल लई मोकळा ऱ्हातो."

मी हसलो. ते हसले नव्हते, हे नंतर लक्षात आलं.

निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात मी होतो. भाषणांत जो तो सरांना ज्ञानाचा सागर म्हणत होता. सर उठले, शाल नीट घडी करून खुर्चीवर ठेवली आणि म्हणाले, "मी तुमच्या पोरांना हिमालय शिकवला. तो मी पाहिलेला नाही. पोरांनी चालवून घेतलं, त्यांचे आभार." खाली बसले. टाळ्या वाजवायच्या की नाही, ते कोणाला कळेना.

शाळेनं टाकून दिलेला जुना फळा त्यांनी घरी आणून ओट्यावर भिंतीला टेकवला. गल्लीतली पोरं कधी यायची, कधी नाही. नाही आली तरी सकाळी रेघा ओढलेल्या असत.

अशाच एका सकाळी ते मला म्हणाले, "हिमालयातली शिखरं राहू दे. शिखर मला वाचूनही कळतं. बालाघाट मोठा केला की झालं. मला ते तलाव कळत न्हाईत. डोंगराच्या माथ्याला, बर्फानं कोरलेल्या खळग्यात, काठोकाठ पाणी. अन् घागर घेऊन उभं कोणी न्हाई. नंबर न्हाई, भांडण न्हाई. पाणी हाय अन् माणूसच न्हाई, हे कसं दिसत असंल? हे वाचून डोक्यात शिरत न्हाई. पाहावंच लागंल."

काश्मीरमध्ये अशा उंचावरच्या तलावांकडं जाणारी एक वाट आहे. चालत जायचं, तंबूत राहायचं, खिंडी ओलांडत एकेका तलावाशी पोचायचं, आठवडाभराचा प्रवास. नोकरी पक्की झाल्यावर मी रजा काढली आणि दोघांची नावं नोंदवली. सरांचं वय साठीच्या पुढं गेलेलं, पण डॉक्टरांनी तपासून दाखला दिला. चालण्यात ते मला ऐकत नसत. बीडला काही काम निघालं की सरावासाठी आम्ही नारायणगडावर जाऊन येत असू. तिथं सर म्हणायचे, "हिमालयाला कळलं तर हसंल आपल्याला."

निघालो त्या दिवशी तेलगावच्या स्टँडवर एका ओळखीच्यानं विचारलं, "कुठं दौरा, सर?"

"हिमालयात."

"कावून? तितं कोन हाय आपलं?"

"कोणी न्हाई," सर म्हणाले, "म्हणून तर."

परभणीहून रेल्वे धरली. सर खिडकीला. नर्मदेचा पूल आला तेव्हा उभे राहून त्यांनी दोन्ही बाजूंनी नदी पाहिली आणि समाधानानं बसले. मी म्हणालो, "सर, नर्मदा आणि तापी, एका प्रवासात दोन नद्या पाहिलेल्यात गेल्या."

"तापी न्हाई."

"तापीचा पूल कधीच मागं पडला, सर."

"गाडी गेली पुलावरून. मी झोपलो होतो." आणि थोड्या वेळानं, स्वतःशीच, "येताना जागा ऱ्हाईन."

दिल्ली, जम्मू, श्रीनगर करत आम्ही सोनमर्गला पोचलो. गटात बाकीची सगळी शहरातली तरुण मंडळी. वाटाड्याचं नाव बशीर. उन्हानं रापलेला, कमी बोलणारा, सरांना पहिल्या भेटीतच 'चाचा' म्हणू लागलेला. निजामाच्या राज्यातल्या आजोबांकडून आलेली सरांची दखनी आणि बशीरची काश्मिरी वळणाची हिंदी यांची छान जमली. "हमारे इदर पानी बोले तो टँकर," सर त्याला सांगत होते, आणि तो नवल करत ऐकत होता.

पहिल्या दिवशी गवताचे चढ, मग भूर्जाची झाडं, मग एका नदीच्या कडेकडेनं दगडांतून वाट. डावीकडून, उजवीकडून ओढेच ओढे येत होते. सर प्रत्येक ओढ्याशी थांबायचे. पाण्याला हात लावायचे, कपाळाला लावायचे आणि उभे राहायचे. एकदा म्हणाले, "एवढं वाहून चाललंय. कोणी अडवत न्हाई, कोणी विचारत न्हाई." बाटली पिशवीत भरलेली. बशीर सगळ्यांना सारखा पाणी प्या म्हणत होता. उंचावर पाणी कमी पडलं की डोकं धरतं, असं त्यानं सकाळीच बजावलं होतं. बाकीचे बाटल्या रिकाम्या करून ओढ्यावर भरून घेत होते. सर ओठ ओले करत होते. मला त्यात काही वेगळं वाटलं नाही, कारण माझंही तेच चाललं होतं. दुष्काळी गावातली दोन माणसं भर पाण्यातून तहानलेली चालली होती आणि दोघांनाही ते साधं शहाणपण वाटत होतं.

माझं वय मला सांभाळून गेलं. सरांना त्यांच्या वयानं सांभाळलं नाही.

खिंडीच्या पायथ्याशी मुक्काम होता. खिंड ओलांडली की उतारावर पहिला तलाव. सकाळी सर तंबूबाहेर दगडावर बसून बुटाची नाडी बांधत होते. मी तयार होऊन आलो तरी तीच नाडी, तोच बूट. बोटं नाडीपर्यंत जात होती आणि चुकत होती. तेवढ्यात ते बाजूला वाकले आणि त्यांना उलटी झाली. उठायला गेले तर तोल गेला.

बशीर पळत आला. त्यानं मनगट धरून ठोके पाहिले, बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं, मग सरांच्या पिशवीतून बाटली काढली. बाटली गळ्यापर्यंत भरलेली.

"चाचा, ये कब की है?"

"कल सुबह की," सर म्हणाले. जीभ जड झाली होती. "थोडा थोडा पिया. आगे लगेगा करके रखा."

बशीरनं बाटली हातात धरून आजूबाजूला पाहिलं. समोर नदी, मागं ओढा, वर बर्फ. तो रागावला नाही. हळूच म्हणाला, "चाचा, आगे भी पानी है, पीछे भी पानी है. आप पानी के बीच बैठे हो."

मग त्यानं उभं राहून सांगितलं की चाचा वर येणार नाहीत. वर नेलं तर जिवावर बेतेल. आत्ता खाली गेले तर संध्याकाळपर्यंत बरे होतील. एक घोडेवाला आणि बशीरचा साथीदार त्यांना सोनमर्गच्या दवाखान्यात नेतील.

सरांनी खिंडीकडं पाहिलं. चढ स्पष्ट दिसत होता, दगडांतून गेलेली वाटही. तलाव त्याच्या पलीकडं. आयुष्यभर वाचलेल्यात ठेवलेली गोष्ट एका चढाच्या अंतरावर होती.

"थोडं बसलो तर?" त्यांनी विचारलं. आयुष्यात त्यांनी कोणाला विनवलेलं मी ऐकलं नव्हतं.

बशीरनं नकारार्थी मान हलवली.

मी माझी पिशवी उतरवायला लागलो. म्हणालो, "सर, मी येतो तुमच्याबरोबर."

"खुळा हायस का बे," सर म्हणाले. मला त्यांनी 'बे' एकदाच म्हटलं, ते तेव्हा. "तू माघारी फिरलास तर दोघांचंही वाचलेलंच ऱ्हाईल. तू जा. मला निदान ऐकू तरी दे कोणाकडून."

मी पिशवी परत खांद्याला लावली. ते पुढं म्हणाले, "अन् हे बघ. फोन करू नको. फोनवर माणूस वाढवून सांगतो. पत्र लिही, लिहिताना हात आखडतो. पाण्याचा रंग पुस्तकात निळा लिहिलाय. तू निळा लिहू नको. दिसंल तो लिही."

त्यांना घोड्यावर बसवलं. बशीरनं बाटली त्यांच्या हातात दिली आणि वाटेत ही संपवायची, असा दम भरला. घोडा उताराला लागला. घोडेवाला लगाम धरून पुढं, साथीदार कडेला, आणि मध्ये सर, घोड्यावर बसूनही वाऱ्याच्या विरुद्ध झुकलेले. वळणावर घोडा थांबला. सरांनी बाटली वर केली आणि डोकं मागं टाकून पिऊ लागले. संपेपर्यंत प्याले. मग वळून त्यांनी ती बाटली माझ्याकडं बघत उलटी धरली. थेंबही पडला नाही. त्यांच्या हातात रिकामी बाटली मी पहिल्यांदाच पाहत होतो. घोडा वळणाआड गेला.

त्यानंतर सर मला दिसले नाहीत.

मी पुढं गेलो. खिंडी चढलो, उतरलो, तलाव आले. गटातली मुलं चांगली होती, फोटो काढून द्यायची. पण पाणी समोर आलं की मी शेजारी बघायचो आणि शेजारी कोणी नसायचं. सरांची तब्येत उतरल्यावर सुधारली, हा निरोप बशीरकडं वाटेतच आला होता. श्रीनगरला आमच्या लॉजवर पोचलो तर सर दोन दिवस विश्रांती घेऊन, डॉक्टरांना विचारून, एकटेच घरी निघून गेले होते. लॉजवाला म्हणाला, "बोल के गए, बच्चे को देर मत करवाना, चिट्ठी लिखवाना." मी तिथंच बसून पत्र लिहिलं आणि पेटीत टाकलं. रजा संपत आली होती, त्यामुळं दिल्लीहून परस्पर गोंदियाला गेलो. दसऱ्याच्या सुट्टीत गावी जाऊन समोर बसायचं ठरवलं होतं.

दसऱ्याच्या आधीच फोन आला. सर सकाळी उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले हृदय थांबलं, झोपेतच. मी पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. गावातली माणसं आली होती म्हणे, पुढारीही आले होते. परळीहून आलेली लेक आत बायकांत बसली होती. मी ओट्यावर गेलो. शेजारच्या सरूकाकू तिथं लिंबाला पाणी घालत होत्या.

"तुजं पत्र आलं तवा लई खूश व्हते बघ," त्या म्हणाल्या. "गल्लीतली पोरं गोळा केली. ओट्याव बसून समदं वाचून दाखवलं, दोनदा. मला म्हनले, सरू, तूबी ऐक. मंग फळ्याव लिव्हलं, अन् कुनाला पुसू दिलं न्हाई."

फळा भिंतीला टेकलेला होता. दोन रेघा, तीन रकाने. वाचलेल्यात लिहिलं होतं, 'पहिला तलाव'. ऐकलेल्यात, 'बाकीचे तलाव', आणि पुढं, त्यांच्या नियमाप्रमाणं, 'सुदामकडून'. सुदाम मी. पाहिलेल्याच्या रकान्यात सगळ्यांत वर 'तापी' होतं. परतीच्या गाडीत ते जागे राहिले होते. आणि तापीच्या खाली दोनच शब्द, 'तलावाचा रंग'.

ते पत्र सरांच्या लेकीनं मला परत दिलं. ते असं होतं.

श्रीनगर

तीर्थस्वरूप सर,

साष्टांग नमस्कार. आपली तब्येत आता ठीक असेल. पाणी पीत असाल.

तुम्ही सांगितल्याप्रमाणं फक्त पाहिलेलंच लिहितो. खिंडीच्या पलीकडचा पहिला तलाव मी पाहिला नाही. आम्ही पोचलो तेव्हा दाट धुकं होतं. काठावर उभा होतो, पाण्यात हात घातला, पण पाणी दिसलं नाही. सकाळी निघालो तरी धुकं तसंच. गटातले सगळे म्हणतात की पहिला तलाव झाला. मी तसं म्हणत नाही. तुमच्यासारखा माझाही तो वाचलेल्यातच आहे. तेव्हा त्या चढाच्या पायथ्यापासून तुम्ही परत फिरलात त्यात तुमचं काही हुकलं नाही, असं मला वाटतं.

बाकीचे पाहिले. काठावर घागर घेऊन उभं कोणी नव्हतं. एका तलावाशी मेंढरं होती आणि मेंढकी होते. मेंढरं खोकतात ती आपल्यासारखीच. त्यातला एक मेंढका मला कुठून आलास विचारत होता. मी सांगितलं, माझे वडीलही मेंढरंच राखतात. त्याला खरं वाटलं नाही. मी त्याला म्हणालो, मी पाहिलंय.

इतकं पाणी आणि कोणी नाही, हे कसं दिसतं असं तुम्ही विचारलं होतं. सर, ते बघताना आधी आनंद होतो आणि मग कोणाला तरी हाक मारावीशी वाटते. मला याहून नीट लिहिता येत नाही. तुमच्या घरी सकाळी आलं की ओट्यावर फळा तयार असतो आणि समोर कोणी बसलेलं नसतं, तसं काहीसं.

आता रंग. मी बराच वेळ पाहिला, सकाळी आणि दुपारी. बरोबरच्या मुलांत भांडण लागलं. अर्धी म्हणाली निळा, अर्धी म्हणाली हिरवा. तेव्हा मला कळलं. सर, आपल्या वर्गाच्या दाराचा रंग उन्हानं फिकट झाल्यावर जसा दिसायचा, तसाच हा आहे. तुमचं समाधान व्हावं म्हणून लिहीत नाही. तुम्हाला असलं चालत नाही, हे मला माहीत आहे. खरंच तोच रंग आहे. तो तुम्ही स्वतः ढवळलात आणि रोज त्याच दारातून आत आलात.

तेवढा एक पाहिलेल्यात लिहा.

आपला विद्यार्थी,
सुदाम